मध्यंतराआधी मरणारे मावसाजी

माझ्या मावसाजींइतक्या वेळा मेलेला माणूस सगळ्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा नाही. आणि असलाच, तर तो मेल्यावर संध्याकाळी घरी जेवायला आलेला नाही. मावसाजी म्हणजे माझ्या मोठ्या मावशीचे यजमान. देवरीहून आत, जंगलाला लागून त्यांचं गाव. धानाच्या चार बांध्या, म्हणजे खाचरं, एक म्हैस आणि सिनेमातलं मरण, एवढ्यावर त्यांचा संसार उभा राहिला. डाकूंच्या सिनेमात ते गोळी लागून मरतात, नागिणीच्या सिनेमात विषाने मरतात, आणि भुतांच्या सिनेमात तर नुसतं दार उघडून मरतात. रायपूरकडे, नागपुरात, कधी मुंबईच्या कुठल्याशा कंपनीत, जिथे म्हणून जंगल, हवेली आणि जुनं वैर या तीन गोष्टी एकत्र येतात, तिथे चौथे आमचे मावसाजी असतातच: खांद्यावर घोंगडं, हातात कंदील आणि डोळ्यांत ‘आता आपलं काही खरं नाही’ असा भाव. पोस्टरवर त्यांचं नाव कधी आलं नाही. पण देवरीच्या बसस्टँडवर आजही एखादा ट्रकवाला त्यांना पाहून गाडी हळू करतो आणि विचारतो, “क्यों दादा, आप तो मर गए थे ना?” मावसाजी हात जोडून म्हणतात, “कृपा है आपकी.”

मरण म्हणजे सगळं सारखंच, असं आपल्याला वाटतं. मावसाजींसमोर तसं म्हणून पाहा. आमच्याकडे बोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, त्यामुळे मावसाजींना आयुष्यभर गोळीऐवजी गोरी लागत आली. मुंबईच्या एका साहेबाला ते म्हणाले, “मेरे को अब तक बहुत बार गोरी लगी,” तेव्हा तो साहेब त्यांच्याकडे कितीतरी वेळ आदरानं पाहत राहिला होता. गोळीचं शास्त्र ते असं सांगतात: “गोरी लागली का पयले आपल्याले लागली हे समजाले पायजे. मानूस आधी चकित होते, मंग मरते. हे आजकालचे पोट्टे चकित न होताच मरतेत.” साप चावला की ते आधी सापाकडे रागानं बघतात, मग पायाकडे, मग आभाळाकडे, आणि तोंडात धरलेला दह्या-सोड्याचा फेस सोडतात. भुताच्या मरणात डोळे उघडे ठेवायचे असतात. एकदा म्हणे पापणीवरून मुंगी चालत गेली, नाकपुडीत डोकावली, परत आली, तरी मावसाजी मेलेलेच. हा सगळा सराव ते खळ्यावर, मळणी झालेल्या धानाच्या तणसावर पडून करतात. नात्यातल्या लग्नात बँड नसला तरी चालतो, पण वरातीत मावसाजींनी एकदा मरून दाखवावं लागतं. एकदा मुलीकडच्या मंडळींना कुणी आधी सांगायचं विसरलं. त्यांच्यातल्या एकानं मावसाजींच्या नाकाला कांदा लावला, दुसऱ्यानं चप्पल हुंगवली. मावसाजी काही हलले नाहीत. नंतर म्हणाले, “नुसता कांदा लावला असता तं उठलो असतो. चप्पल लावली, मंग कायले उठू?”

मध्यंतराच्या पुढे मावसाजी कधी गेले नाहीत. सिनेमाला घेऊन गेलं, की स्वतःचं मरण होईपर्यंत ते ताठ बसतात. मेले की उठून बाहेर चहा प्यायला जातात. “आपलं झालं. आता त्याहीचं ते पायतील.” त्यामुळे आपल्याच सिनेमांचे शेवट त्यांना गावकऱ्यांकडून कळतात. मी कॉलेजात असताना एकदा त्यांनी मला गंभीरपणे विचारलं होतं, “का रे बापू, मले मारलं तो ठाकूर, त्याले मंग पकडलं का नाही?” मी म्हटलं, पकडलं. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सिनेमा येऊन बारा वर्षं झाली होती.

पण ते का मरतात, हे महत्त्वाचं आहे. ते मरतात, कारण त्यांना खुन्याचं नाव माहीत असतं. हवेलीचा नोकर, जंगलातला चौकीदार, देवळाचा राखणदार, काहीही असो, त्यांनी रात्री काहीतरी पाहिलेलं असतं. ते धापा टाकत नायकाकडे येतात, म्हणतात, “मालिक, खून करनेवाला और कोई नहीं, वो तो है...” आणि तेवढ्यात कुठून तरी गोळी येते. इतक्या वर्षांत इतके खुनी त्यांना माहीत झाले, पण एकाचं नाव सांगून झालं नाही.

ही सवय पुढे घरातही शिरली. वाक्यातला कामाचा शब्द यायची वेळ झाली, की मावसाजी थांबतात. मुद्दाम नाही, गळ्याला तसं वळणच पडलंय. लग्न ठरवायच्या बैठकीत ते म्हणाले होते, “माही एकच अट हाय...” आणि पाणी प्यायला उठले. ती अट काय होती, हे मावशीला आजतागायत कळलेलं नाही. ती सगळ्याच अटी पाळत आली आहे. माझा बी.ए.चा निकाल पाहायला तेच गोंदियाला गेले होते. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ज्यानं मिळवलं त्यानं सांगायला लाजू नये. माझा बाप दुसऱ्यांच्या बांधीत रोवणीला जायचा. तर त्या दिवशी एसटीडीवरून मावसाजींचा फोन आला. “बापू, निकाल पाह्यला. तू...” एवढं बोलून ते खोकले. मग थांबले. मग कुणाला तरी रस्ता दिला. मी शेजाऱ्याच्या घरातल्या फोनपाशी भिंत धरून उभा. बाप त्यांच्या दारात, आई आमच्या घरी चुलीपाशी, चूल विझलेली. “...तू पास हायेस,” असं त्यांनी सांगेपर्यंत माझा बाप देवाला दोन नारळ बोलून बसला होता.

अशा माणसाला गेल्या वर्षी, धान कापणीच्या दिवसांत, रायपूरच्या एका दिग्दर्शकाचा फोन आला. भुताचाच सिनेमा, पण भूत खोटं आणि खून खरा. नागझिऱ्याच्या कडेला, एका गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, शूटिंग. मावसाजी म्हातारा चौकीदार, अंगात जुनाट कोट. दिग्दर्शक म्हणाला, “दादा, इस बार आप मरोगे नहीं. आखिर तक रहोगे. सारे गाँव के सामने खूनी का नाम आप ही बोलोगे.”

मावसाजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग हळूच म्हणाले, “पर साहब, मेरे से गलती क्या हुई?”

गलती नव्हती, बढती होती, हे त्यांना समजवायला मावशीला रात्र लागली. सकाळी मात्र ते वेगळेच दिसत होते. पुढचा सगळा आठवडा त्यांनी एका वाक्यावर घालवला. “मालिक को जिसने मारा, वो है... भानुप्रताप!” मधला थांबा किती ठेवायचा, हा प्रश्न होता. लहान ठेवून पाहिला, मोठा ठेवून पाहिला, खोकून पाहिला. तलावावर धुणं धुणाऱ्या बायकांना ऐकवलं, म्हशीला ऐकवलं. सिनेमा बनायच्या आधीच गावातल्या पोराटोरांना खुनी कोण ते पाठ झालं होतं. मला फोन करून म्हणाले, “बापू, आतापावतर नाव पोटात घेऊन मेलो. एक डाव तोंडातून निंगू दे, मंग...” आणि सवयीप्रमाणे थांबले. त्या वेळी मी हसलो नाही.

शेवटचं दृश्य पहिल्या दिवशीच घ्यायचं ठरलं होतं, सूर्य तलावात उतरताना. दुपारी न्यायला जीप येणार होती. आणि त्या दिवशी सकाळी, मावसाजी विहिरीपाशी दात घासत बसले असताना, कावळा आला आणि त्यांच्या डोक्यावर बसला. नुसता टेकून उडाला असता तरी भागलं असतं. बसला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि मग गेला.

कावळा डोक्यावर बसला की मरण जवळ आलं, असं आमच्याकडे मानतात. त्यावरचा उपायही ठरलेला आहे. त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी दूरच्या नातेवाइकाला पाठवायची. त्यानं ती खरी मानून पोटभर रडायचं. मग त्यानं यायचं आणि ‘मेलेल्या’च्या हातचं पाणी प्यायचं. तेवढ्यानं आलेलं मरण फसतं आणि आल्या वाटेनं परत जातं. पण तो पाणी पिईपर्यंत, माणूस जिवंत आहे हे घराबाहेर कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की उपाय वाया. पूर्वी ही बातमी घेऊन कुणीतरी सायकलवर जायचा. मावशीकडे मोबाइल होता. तिनं अर्जुनीकडच्या आपल्या भावाला, म्हणजे माझ्या मामाला, रडत रडत बोलून पाठवलं, “दादा, तुहे भाटवे गेले रे!” बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे भाटवा म्हणतात. मामानं जागच्या जागी टाहो फोडला. इथवर सगळं रीतीप्रमाणे झालं. पण मग मामानं डोळे पुसले आणि ती बातमी नातेवाइकांच्या, गाववाल्यांच्या, जुन्या नाटकवाल्यांच्या, होत्या नव्हत्या त्या सगळ्या ग्रुपवर टाकली, वर फोटो लावून. मावसाजींचे त्याच्याकडचे फोटो सगळे सिनेमातले. त्यातला त्यानं सगळ्यात चांगला निवडला: नाकात कापूस, गळ्यात झेंडूचा हार.

तो फोटो मला देवरीत, शाळेत, मुलांना शिकवताना मिळाला. वर्ग तसाच सोडून मी मोटारसायकल काढली. गावाचा रस्ता मला दिसत नव्हता. दारात गाडी टाकून आत धावलो, तर आतल्या खोलीत मावसाजी तांदळाची भाकर आणि वांग्याची भाजी खात बसलेले.

“मावसाजी!” मी ओरडलो.

“हरू बोल!” मावशी धावत आली. “आज ते मेले हायेत.”

मावसाजींनी घास गिळून मान हलवली. त्यांनाही ते मान्य दिसत होतं.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “मावशी, हा काय खेळ आहे? कावळा डोक्यावर बसला म्हणून कोणी मरते का? त्याला बसायला जागा पाहिजे होती, बसला.”

“तुह्या डोक्यावर बसला असता तं मी काई केलं नसतं,” मावशी म्हणाली. “सिकलेल्या डोक्याले कावराई भेते.”

“आणि ते जीपवाले? ते शूटिंग?”

मावशीनं विहिरीकडची खिडकी लावून घेतली. लावलेली खिडकी तिनं पुन्हा ओढून पाहिली. माझ्या आजोबांच्या, म्हणजे तिच्या बापाच्या डोक्यावर बांधीत रोवणी चालू असताना कावळा बसला होता, ही गोष्ट मी लहानपणी ऐकली होती. लोक हसले होते. आजोबाही हसले होते. बातमी कुणी पाठवली नाही. त्याच पावसाळ्यात ते गेले. मावशी तेव्हा परकर घालायची. ते आजारानं गेले, हे मला माहीत आहे, तिलाही माहीत असेल. पण बापाच्या डोक्यावर कावळा बसला तेव्हा ती समोर उभी होती, मी नव्हतो.

जीपची वेळ झाली आणि टळली. जीप आली नाही; मामाची बातमी शूटिंगवाल्यांपर्यंत पोहोचली होती. मेलेल्या माणसाला न्यायला कोण जीप पाठवतो? गावात मात्र कुणाचाच विश्वास बसला नव्हता. शेजारची म्हातारी दारातून डोकावली, मावसाजी घाईघाईनं आडवे झाले. तिनं बारकाईनं पाहिलं आणि म्हणाली, “हे मरन तं डाकूच्या सिनेमातलं हाय. आमी पाह्यलं हाय हे,” आणि निघून गेली. म्हणजे जिथे मावसाजी मेले तिथे ते मेलेत हे कुणाला पटत नव्हतं, आणि जिथे ते जिवंत हवे होते तिथे ते गेलेले होते. मामाला फोन केला तर तो बसमध्ये होता. नुसता हुंदका ऐकू आला आणि फोन कटला. बस नवेगावच्या अलीकडे पंक्चर होऊन उभी होती, हे नंतर कळलं.

आणि मग मावसाजी उरलेली भाकर घेऊन पुन्हा बसले, तेवढ्यात मावशीचा फोन वाजला. रायपूरचा नंबर. मावशीनं तो माझ्याकडे दिला, मी आवाज मोठा करून खाटेवर ठेवला. तिकडून दिग्दर्शक बोलत होता, तलावावरूनच. मागे माणसांचा गलका होता.

“अम्मा जी, बहुत दुख हुआ. आज का शूटिंग रोकता, पर इतने लोग आ गए हैं. रायपुर से एक दूसरे दादा को बुलाया है, राजनांदगाँव पार कर चुके. पर आपके मुँह से सुने बिना मैं दादा का कोट किसी और को नहीं दूँगा. मोबाइल पर तो लोग कुछ भी भेजते हैं. बस इतना कह दीजिए अम्मा, दादा सच में...”

तोही तिथेच थांबला.

मावशीनं तोंडावर हात ठेवला. एक शब्द पुरे होता. ‘नाही’ एवढं म्हटलं असतं तरी तो माणूस रायपूरच्या गाडीला माघारी पाठवणार होता. मी मावशीकडे पाहिलं, मावशीनं मावसाजींकडे पाहिलं. मावसाजी उठले. हात न धुता आले आणि फोन उचलून कानाला लावला. मावशी चौकटीला धरून खाली बसली.

“सांगा,” ती म्हणाली. “तुमचा मान हाय. सांगून टाका. माहं का, मी आपली...” पुढे तिलाही बोलता आलं नाही.

“हेलो?” फोन म्हणाला. “अम्मा? हेलो?”

मावसाजींनी छाती भरून श्वास घेतला. मी त्यांना पडद्यावर नाव सांगायला कितीदा तोंड उघडताना पाहिलं आहे. तेच तोंड, तेच रुंद झालेले डोळे. या वेळी गोळी मारायला कुणी नव्हतं. ते मावशीकडे पाहत राहिले. ती जमिनीकडे बघत होती. मग त्यांनी तोंड मिटलं, अंगठ्यानं फोन बंद केला, खाटेवर ठेवला आणि हात धुवायला बाहेर न जाता, उंबरठ्याच्या आतूनच, तांब्यानं हात धुतला.

“जाऊ दे,” भिंतीला टेकून बसत म्हणाले. “मले तं सवय हाय मराची.”

मामा आला तेव्हा उन्हं कलली होती. एका हातात हार, दुसऱ्या हातात पांढरं कापड, आणि चेहरा रडून सुजलेला. दारातून मावसाजींना बसलेलं पाहून तो आधी मागे सरकला, मग पुढे झाला आणि मग जो भडकला! “भाटवे, लाज वाटते का तुमाले? बसमधी रडून रडून माहा घसा बसला! कंडक्टरनं मले स्वतःची जागा देली! एक अनोरखी बाई मले पानी पाजून राह्यली होती!”

“दुसऱ्याचं पानी मंग सांग,” मावशी ओरडली, “पयले याहीच्या हातचं पे!”

मावसाजींनी तांब्या पुढे केला. मामा गटागटा प्यायला. शेवटचा घोट गेला आणि मावशी विजेसारखी उठली. “झालं! आता तुमी जिते हा! बापू, पाहून का राह्यला? गाडी काढ! सूर्य बुडाच्या आधी पोचले पायजेत हे!” सकाळपासून त्यांना घरात कोंडून ठेवणारी बाई आता त्यांना पाठीवर हात ठेवून ढकलत होती.

साकोलीपर्यंत महामार्ग आहे, तिथवर मी गाडी अशी हाणली की मावसाजी मागून दोनदा म्हणाले, “उपाय आत्ताच केला हाय, बापू.” पुढे जंगलाचा रस्ता. उन्हं सागाच्या शेंड्यांवर गेली होती. निघताना मावशीच्या मोबाइलवरून घेतलेला दिग्दर्शकाचा नंबर मी लावून पाहिला, रेंज नव्हती. आणि एका वळणावर रस्त्याच्या मधोमध रानगवा उभा. काळा, भिंतीएवढा. मी गाडी थांबवली, हॉर्नकडे बोट नेलं.

“नको वाजवू,” मावसाजी कानाशी म्हणाले. “त्याचा रस्ता हाय. तो हालल तवा हालल.”

गवा आमच्याकडे पाहत राहिला. ऊन शेंड्यांवरूनही सरकायला लागलं. माझ्या पाठीला मावसाजींच्या छातीची धडधड लागत होती. ते ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतायत, पण ते भानुप्रतापाचं होतं. शेवटी गव्यानं मान फिरवली आणि तो झाडीत उतरला.

तलावाशी पोहोचलो तेव्हा सूर्य पाण्याच्या हातभर वर होता. वेळ होता! गाडी मोहाच्या झाडाखाली टाकली आणि आम्ही पाळीकडे धावलो. कॅमेरा लागलेला, गावचे लोक गोल उभे, आणि मध्ये कंदील घेऊन, मावसाजींचा तो ठरलेला जुनाट कोट घालून, रायपूरहून आलेला म्हातारा नट. पण कुणी बोलत नव्हतं. कुणी हलत नव्हतं. मला वाटलं, शॉट चालू आहे. मग पाळीच्या कडेला खुर्ची दिसली, तिच्यावर मावसाजींचा तोच फोटो, आणि त्याला आता खरा हार. फोन काही न बोलता बंद झाला, त्यालाच दिग्दर्शकानं होकार मानलं होतं.

ते मावसाजींसाठी उभे होते. दिग्दर्शक, पोरं, दिवे धरणारे, चहावाला, सगळे मान खाली घालून. कॅमेरावाला एक डोळा सूर्याकडे ठेवून होता. उजेड क्षणाक्षणाला जात होता, पण तोही जागचा हलत नव्हता. तो रायपूरचा म्हातारा मावसाजींच्याच कोटाच्या बाहीनं डोळे पुसत होता.

“चला, मावसाजी,” मी कुजबुजलो. “अजून वेळ आहे. नुसतं पुढे व्हा!”

त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट.

“थांब.”

“मावसाजी, सूर्य...”

“पाह्य बापू,” ते म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. “कॅमेरा बंद हाय.”

मला कळलं नाही.

“कॅमेरा बंद हाय, अना तरी उभे हायेत.” ते झाडाच्या खोडाला टेकले. “मी मेलो का ‘कट’ म्हनतेत. मंग म्हनतेत, उचला याले, पुढचा शॉट. कोनी थांबलं नाही बा कधी.”

मग दिग्दर्शकानं मान वर केली, हात हलवला, आणि सगळे आपापल्या जागी धावले. मावसाजींनी माझं मनगट सोडलं नाही. मी ओढलंही नाही. पाळीवर शांतता झाली. कंदीलवाला म्हातारा दोन पावलं पुढे आला, गावाकडे वळला, आणि खणखणीत म्हणाला, “मालिक को जिसने मारा, वो है भानुप्रताप!”

लोकांत गलका उसळला. सूर्य पाण्याला टेकला. दिग्दर्शक ओरडला, “ओके!”

मावसाजी थोडा वेळ ऐकत राहिले, जणू आवाज अजून पाण्यावर होता.

“बरा बोलला,” ते म्हणाले. “आवाज चांगला हाय. पन लवकर बोलला. नाव जरा तोंडात फिरू द्याले पायजे.”

मी म्हटलं, “मी जाऊन सांगतो त्यांना. निदान तुम्ही आहात एवढं तरी कळू दे. पुढचा सिनेमा तरी मिळेल.”

ते गाडीकडे चालायला लागले होते. “भेतील ते,” म्हणाले. आणि गाडीवर बसता बसता, “मेल्याच्या मानात जित्यानं कायले मधात पडाचं?”

या गोष्टीला वर्ष होईल. तो सिनेमा अजून आलेला नाही. असे सिनेमे कुठे अडतात ते त्यांच्या बनवणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. मावसाजींना त्या दिवसापासून एकही फोन आला नाही, कारण रायपूरवाल्यांच्या लेखी ते गेलेले आहेत आणि गेलेल्या माणसाला कामाला बोलवायची पद्धत नाही. मावशीला विचाराल तर ती म्हणेल, पाहा, साधा खोकलासुद्धा झाला नाही वर्षभर. आणि ते खरं आहे. यंदा त्यांनी धान स्वतः कापलं. मी शिकलेला माणूस, कावळ्यावर माझा विश्वास नाही, पण तिच्यासमोर मी आता ते बोलत नाही.

परवा गेलो होतो. मावसाजी खळ्यावर बसले होते, उगाच तणसाच्या काड्या मोडत. मी सरळ मोबाइल काढला. म्हटलं, “दिग्दर्शकाचा नंबर आहे माझ्याकडे. एका वाक्याचं काम आहे. लावू?”

त्यांनी मोडलेल्या काड्या एका बाजूला सारल्या. दूर कुठेतरी मळणीचं यंत्र चालू होतं.

“राहू दे,” म्हणाले. “त्याहीचं मन मोडल.”

मी मोबाइल खिशात घातला आणि उठलो. दहा-बारा पावलं गेलो असेन, तेव्हा मागून हाक आली.

“बापू! नंबर मातर मिटवू नको.”